गाडीत ॲम्प्लिफायर बसवायचा तर आधी वायर बघा

कात्रजचा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढायला लागली की माझ्या स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. ॲक्सिलरेटर दाबला की डास चिडायचा, पाय काढला की नरमायचा. गाणं मोठ्याने लावलं की तो झाकला जायचा, पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत हमखास हजर. ज्या दुकानात ॲम्प्लिफायर बसवला होता तिथे आधी केबल बदलून दिली, मग एक नॉइज फिल्टर विकला आणि शेवटी "एवढं चालतंच साहेब" म्हणून हात झटकले. एका रविवारी मी डिकीतली मॅट उचलून पाहिलं. अर्थची (म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यात परत सोडणारी) काळी वायर एका बारक्या स्क्रूखाली दाबलेली होती, तीही गाडीच्या रंगावरच. रंगातून करंट जात नाही. स्क्रूच्या आट्यांना जेवढा पत्रा टेकला असेल, तेवढ्यावर अख्खा ॲम्प्लिफायर चालला होता.

पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकाकेपर्यंत घासली, वायरला नीट थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावला, बोल्ट आवळला. डास गेला तो गेलाच. केबल आणि फिल्टरचे पैसेही गेलेच होते.

तेव्हापासून कुणी "कुठल्या कंपनीचा ॲम्प घेऊ?" असं विचारलं, की मी उलट विचारतो, "वायर कुठली घेणार?" ॲम्प्लिफायर स्वतः आवाज तयार करत नाही. तो बॅटरीतून करंट घेतो आणि गाण्याच्या बारीकशा सिग्नलबरहुकूम तो स्पीकरला देतो. करंट यायचा रस्ता अरुंद असेल किंवा परत जायचा रस्ता खराब असेल, तर वर लावलेलं नाव कुठलंही असो, उपयोग नाही.

डब्यावरचे वॅट

"स्टिरिओवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलंय, मग वेगळा ॲम्प कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. गणित करून बघू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओतली छोटी चिप तेवढेच व्होल्ट स्पीकरपर्यंत पोचवू शकते, त्याहून जास्त आणणार कुठून? साधा स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे करंटला त्याचा अडथळा तेवढा. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे जवळपास ५२ वॅट. डब्यावरचा ५० चा आकडा आला तो इथून. पण हा हिशोब लाट चौकोनी आहे असं धरून केलेला असतो. चौकोनी लाट म्हणजे फाटलेला आवाज. स्वच्छ, गोलसर लाटेसाठी तोच हिशोब निम्म्यावर येतो, २६ वॅट. चिपमध्ये वाया जाणारं वजा केलं की हातात १८ ते २० उरतात. ज्यांनी टू-इन-वनवर 'पीएमपीओ' (म्हणजे फुगवलेले वॅट) लिहिलेली स्टिकरं पाहिली आहेत, त्यांना या प्रकाराचं नवल वाटणार नाही.

वेगळ्या ॲम्प्लिफायरच्या आत आणखी एक वीजपुरवठा असतो. तो आधी १२ व्होल्टचे वाढवून जास्त व्होल्ट करतो आणि मग त्यातून खरे ५०, ७५, १०० वॅट काढतो. म्हणून त्याचा करंटही मोठा. डब्यावर २००० वॅट लिहिलेलं असेल तर ॲम्पच्या कडेला खोचलेले फ्यूज बघा. एकच ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर आत जाणारी वीजच ३० गुणिले १४ म्हणजे ४२० वॅटच्या आसपास. आत ४२० घेऊन बाहेर २००० देणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. 'आरएमएस' (म्हणजे सलग मिळणारे खरे वॅट) असा शब्द असलेला आकडा शोधा, किंवा सीईए-२००६ या मानकाचा उल्लेख. त्यात १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, एक टक्क्याच्या आतल्या विकृतीला (आवाज बिघडण्याला) मोजलेले वॅट द्यावे लागतात.

एक उदाहरण धरून चालू

चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा ॲम्प, ५० वॅट गुणिले ४. पुढच्या दोन दारांतले स्पीकर पहिल्या दोन चॅनलवर. उरलेले दोन चॅनल जोडून, म्हणजे ब्रिज करून, त्यावर डिकीतला १० इंची सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर), सुमारे १५० वॅटचा. मागच्या दारांतले स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या. मागे बसणाऱ्यांना गाणं ऐकू येण्यापुरते ते पुरतात. छोट्या गाडीसाठी मला हीच मांडणी सगळ्यात पटते, कारण एकाच डब्यात काम होतं आणि खर्चही आवाक्यात राहतो.

एकूण २५० वॅट. ॲम्प 'क्लास डी' असेल तर घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के स्पीकरला देतो, म्हणजे करंट २३ अँपिअरच्या घरात. जुन्या 'क्लास एबी' पद्धतीचा असेल तर निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते आणि तोच आकडा ३३ पर्यंत चढतो. हे पूर्ण जोरावरचे आकडे. गाण्यात सलग एवढी मागणी नसते, ढोलाचा ठोका पडला की क्षणभर करंट उसळतो आणि उतरतो. पण वायर त्या उसळीसाठीच निवडायची असते.

आता बॅटरी पुढे बोनेटखाली आणि ॲम्प मागे डिकीत, म्हणजे वायर पाच मीटर. बाजारात ती 'गेज'वर मिळते आणि गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. ३३ अँपिअरला पाच मीटरच्या ८ गेज तांब्याच्या वायरीत साधारण ०.३४ व्होल्ट वाटेतच पडतात. ४ गेजमध्ये ०.१३. फरक फार वाटत नाही ना? इथेच घोडं पेंड खातं, कारण स्वस्त वायरिंग किटमधली वायर तांब्याची नसतेच. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, बाजारात तिला 'सीसीए' म्हणतात. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. शिवाय वरचं प्लास्टिक जाडजूड आणि आतला धातू बारीक अशी फसवणूक सर्रास चालते. '४ गेज' म्हणून घेतलेली वायर सोलली की आत ८ गेजएवढेच तंतू निघतात.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायची युक्ती सोपी आहे. एक तंतू बाजूला काढा आणि ब्लेडने खरवडा. तांबूसच राहिला तर तांबं, पांढुरका निघाला तर ॲल्युमिनियम. हातात तोललं तरी कळतं, सीसीए चमत्कारिक हलकी लागते. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, कुठेही जा, "ओएफसी (म्हणजे शुद्ध तांब्याची वायर) दाखवा" म्हटलं की दुकानदाराचा भाव बदलतो. वस्तूचाही बदलतो म्हणा.

सीसीए वापरूच नये असं नाही. एक माप जाड घेतली तर कामाला येते. पण किंमत बघून घेतलेली सीसीए आणि तीही बारीक, हे नको.

फ्यूज कुणासाठी?

बहुतेकांना वाटतं की बॅटरीजवळचा मोठा फ्यूज ॲम्प वाचवण्यासाठी असतो. ॲम्पला स्वतःचे फ्यूज असतात. हा फ्यूज वायरसाठी आहे, आणि खरं म्हणजे तुमच्यासाठी. समजा पाच मीटरच्या त्या वायरीची साल सीटच्या रुळाखाली घासून गेली आणि आतलं तांबं बॉडीला टेकलं. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतू शकते. वायर लाल होते, कार्पेट पेटतं. फ्यूज डिकीत ॲम्पशेजारी लावला असेल तर बॅटरी ते फ्यूज हा सगळा रस्ता उघडाच राहिला. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. मी बसवताना वीतभर अंतरावरच बसवतो.

किती अँपिअरचा? गरजेपेक्षा मोठा, वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान. आपल्या उदाहरणात ८ गेज तांब्याला ४० अँपिअरचा फ्यूज बरोबर बसतो. वारंवार उडतोय म्हणून ८० चा टाकणं म्हणजे गजर वाजतोय म्हणून त्याची तार कापणं.

वायर बोनेटखालून केबिनमध्ये आणायला इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीत कंपनीचं रबरी बूच असतं, त्यातूनच मूळ वायरिंग आत येतं. त्याच बुचाला चीर देऊन वायर आत घ्या. नवीन भोक पाडलंच तर त्याला स्वतंत्र रबरी बूच हवंच. पत्र्याची कच्ची कड वर्षभराच्या हादऱ्यांत वायरीची साल कापून काढते. आणि पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळ्या नळीतून गेलेल्या वायरी दिसल्या तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या आहेत. सीटखालीही असतात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, शेवटी लावायची तीच. कारण साधं आहे. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणग्या उडतात. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर काहीही होत नाही.

परतीचा रस्ता

आता पुन्हा त्या डासाकडे. गाडीत करंट लाल वायरीतून येतो आणि बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. जेवढा आला तेवढाच परत जायचा, म्हणून अर्थची वायर लाल वायरीइतकीच जाड हवी. लांबी मात्र शक्य तितकी कमी, दीड फुटाच्या आत. जागा अशी निवडा की पत्रा बॉडीचा मूळ, वेल्ड केलेला भाग असेल. सीटबेल्टचा बोल्ट कितीही सोयीचा दिसला तरी वापरायचा नाही, तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो. रंग घासा, थिंबल लावा, दातेरी वॉशर टाका, बोल्ट-नट आवळा. वरून थोडं ग्रीस किंवा रंग, नाहीतर आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात असाल तर, घासलेल्या पत्र्याला दोन महिन्यांत गंज धरतो.

अर्थ चांगला झाला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मीटरने कळतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर आणि दुसरं, लांब वायर जोडून, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. माझ्या गाडीत ठोक्यागणिक काटा ०.६ पर्यंत उडत होता. पत्रा घासल्यावर ०.१ च्या आत आला.

मग ती डासासारखी शिट्टी का वाजत होती? गाडीतला अल्टरनेटर मुळात एसी वीज बनवतो, डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. इंजिन जोरात फिरलं की त्या लहरीचा सूर वर चढतो. ॲम्पचा अर्थ कच्चा असला की स्टिरिओचा अर्थ आणि ॲम्पचा अर्थ यांच्या पातळीत या लहरीएवढा फरक पडतो. दोघांना जोडणारी दुसरी वाट असते आरसीए केबलची, म्हणजे स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या केबलची, बाहेरची जाळी. तो फरक त्या जाळीतून जातो आणि ॲम्प बिचारा त्याला गाणं समजून मोठं करून देतो. त्यामुळे शिट्टी आली की पहिला संशय अर्थवर. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी हे खरंच आहे, मीही नेतो, पण निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथे सापडत नाही.

या गडबडीत 'एक फॅरडचा कपॅसिटर लावा' असा सल्लाही मिळेल. कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवणारा डबा. त्यावरचा निळा दिवा छान दिसतो. एक फॅरडचा कपॅसिटर १३.८ वरून १२.८ व्होल्टवर येताना सुमारे १३ जूल देतो. ३०० वॅट खेचणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाच्या विसाव्या भागालाही पुरत नाहीत. तोच पैसा वायरीत घाला.

सिग्नल, रिमोट आणि कंपनीचा टचस्क्रीन

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओला मागे आरसीए निघतात आणि एक निळी-पांढरी वायर असते. तिला 'रिमोट' म्हणतात, रिमोट कंट्रोलशी तिचा संबंध नाही. स्टिरिओ सुरू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. ही वायर चुकून कायम चालू असलेल्या पॉवरला जोडली तर ॲम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी धक्का मारायला शेजारी शोधावे लागतात.

आजकाल बऱ्याच गाड्यांत कंपनीचाच टचस्क्रीन असतो आणि त्याला आरसीए नसतात. मग 'हाय लेव्हल इनपुट' असलेला ॲम्प घ्यायचा. तो स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल घेतो, आणि बरेच असे ॲम्प त्याच वायरींवर येणारे सहाएक व्होल्ट ओळखून आपणहून सुरू होतात. वायर कापायला देऊ नका, कपलर टू कपलर हार्नेस (मूळ कपलरमध्येच बसणारा वायरींचा जोड) मिळतो. वॉरंटीच्या वेळी कापलेली वायर सगळ्यात आधी दिसते.

स्पीकरच्या वायरींचे रंग बाहेरच्या स्टिरिओंमध्ये सहसा ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि काळी रेघ असली की ती निगेटिव्ह. पण निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे! स्टिरिओची चिप दोन्ही वायरी हलवत असते. स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला टेकवली तर चिप जाऊ शकते.

एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले तर काही जळत नाही, पण बेस गायब होतो, कारण एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. शंका आली तर स्पीकर सोडवून त्याला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस ज्या टोकाला लावल्यावर पडदा बाहेर येतो ते टोक प्लस.

ब्रिज करताना ॲम्पवरच छापलेलं असतं की कुठल्या चॅनलचा प्लस आणि कुठल्याचा मायनस घ्यायचा. लक्षात ठेवायचं एवढंच की ब्रिज केल्यावर ४ ओहमचा सबवूफर प्रत्येक चॅनलला २ ओहमचा वाटतो, म्हणून बहुतेक चार चॅनल ॲम्पना ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाही. दोन कॉइलचा सबवूफर घेताना इथे चूक होते. '४ अधिक ४ ओहम'चा घेतला तर कॉइल समांतर जोडून २ ओहम होतात, एकापुढे एक जोडून ८. पहिल्यात ॲम्प प्रोटेक्टमध्ये जाऊन (स्वतःला वाचवायला बंद पडून) लाल दिवा दाखवतो, दुसऱ्यात आवाज अर्धामुर्धा. '२ अधिक २'चा घ्या, एकापुढे एक जोडा, बरोबर ४.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

ॲम्पवरचा 'गेन' स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प यांचं माप जुळवतो, बाकी काही नाही. तो कमी ठेवला तरी ॲम्पची ताकद कमी होत नाही आणि पूर्ण फिरवला तरी वाढत नाही. पूर्ण फिरवलेला असेल तर स्टिरिओचा आवाज नुसता दहावर नेला की ॲम्पचा दम संपतो आणि लाट वरून कापली जाते. बारीक ट्विटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) अशानेच जळतात.

मीटरने असं करा. स्पीकर सोडवा. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, ॲम्पवरचे फिल्टर बंद, गेन शेवटपर्यंत खाली. मोबाइलवरून किंवा पेन ड्राइव्हवरून एकसुरी टोन लावा आणि स्टिरिओचा आवाज पाऊणपट्टीवर न्या, ४० पैकी ३०. आता मीटर एसी व्होल्टवर घेऊन स्पीकरच्या टर्मिनलवर धरा आणि गेन हळूहळू वाढवा. कुठे थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. पुढच्या चॅनलला ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१ व्होल्ट. सबवूफरला १५० गुणिले ४ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५. तिथे पोचलात की हात काढा.

सगळे सांगतात की पुढच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झचा टोन लावा. माझ्या पाचशे रुपयांच्या मीटरच्या कागदावर मात्र एसी फक्त ४० ते ४०० हर्ट्झपर्यंत भरवशाचं असं लिहिलंय, आणि बहुतेक स्वस्त मीटरांचं तेच आहे. मी २०० हर्ट्झचा टोन वापरतो. सबवूफरला ५०.

यानंतर फिल्टर चालू करा. पुढच्या स्पीकरला हाय पास (वरचेच सूर जाऊ देणारा) ८० हर्ट्झवर, सबवूफरला लो पास (खालचेच सूर जाऊ देणारा) तेवढ्यावरच. दारातल्या सहा इंची पडद्याला खोल बेसच्या ओझ्यातून सोडवलं की तोच स्पीकर कितीतरी मोकळा वाजतो, आणि गाणाऱ्याचा गळा डॅशबोर्डवर येऊन बसतो. पुढे कानाने दहा-वीस हर्ट्झ इकडेतिकडे करा. बेस ऐकताना डिकीचा पत्रा आणि नंबर प्लेट थरथरतेय का तेही बघा. पुष्कळदा 'सबवूफर फाटतोय' म्हणून आलेली तक्रार नंबर प्लेटची निघते.

पहिल्या दिवशी अर्धा तास वाजवून झाल्यावर बोनेट उघडा आणि बॅटरीजवळच्या फ्यूजहोल्डरला हात लावा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर आतला स्क्रू सैल आहे, किंवा थिंबल नीट दाबला गेलेला नाही. तांब्याचे तंतू स्क्रूखाली काही दिवसांनी दबून बसतात, म्हणून पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे. अर्थचा बोल्ट सगळ्यात आधी.